डोणीपाशी गळणारा सांधा

आमच्या मालकांच्या हाताला गुण नाही, असं मी लग्न होऊन या घरात आल्यापासून सगळ्या गोतावळ्याला सांगत आले. त्याला कारणही तसंच होतं. डोंगरातल्या झऱ्यापासून आमच्या घरापर्यंत सासऱ्यांनी घातलेली लोखंडी पाण्याची लाईन होती, आणि ती वरच्या पठारावर एका सांध्यात कायम गळायची. दिवाळी झाली की मालक पाना, सांध्यात भरायची सुतळी आणि सफेद्याची डबी पिशवीत घालून वर जायचे. अर्धा दिवस घालवून खाली यायचे आणि सांधा पहिल्यासारखाच गळत राहायचा.

“सांधा जुना हाय,” एवढंच म्हणायचे आणि पाय धुवायला बसायचे.

मग माझं तोंड सुरू व्हायचं. माझ्या माहेरी म्हणतात, हिला बोलायला माणूस लागत नाही, ही भिंतीशीही भांडेल. ते खरं आहे. पण भिंत निदान पडून तरी जाईल. आमचे मालक पडत नाहीत की उलटून बोलत नाहीत. पाय पुसायचे आणि म्हशीला वैरण टाकायला निघून जायचे.

आमचं घर वेल्ह्याच्या डोंगरात, पासलीच्या बाजूला. गावची नळयोजना खालच्या आळीपर्यंत येते. आम्ही वरच्या अंगाला, खाचरांच्याही वर, आणि तिथपर्यंत चढून यायला त्या पाण्याला दम पुरत नाही. म्हणून झरा. आमच्या आणि झऱ्याच्या मध्ये पठार लागतं, तिथे धनगरांची चार घरं आहेत. त्यांच्या गाई, म्हशी, शेळ्या दिवसभर रानात असतात आणि संध्याकाळी पठारावर येतात. झरा कपारीत आहे. माणूस कळशी घेऊन कसाबसा चढतो, पण जनावराला तिथे जाता येत नाही. पठारावर त्यांची एक दगडी डोण आहे, जनावरांनी पाणी प्यायची. आमचा गळका सांधा नेमका त्या डोणीवर होता.

आता कुणालाही वाटेल की मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला कळलं ते एवढंच की आमचं पाणी फुकट जातंय आणि लोकांची गुरं ते पितायत. धनगरांच्या घरातली सगळ्यांत वडीलधारी बाई तूप विकायला खाली यायची. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. अंगाने काटकुळी, पण हसली की खालच्या आळीत ऐकू जातं. तिला मी एकदा तोंडावर म्हणाले होते, “मावशी, तुमची ढोरं आमच्या लाईनीवर पाय देतात, म्हणून ती गळते.”

“व्हय गं बाई,” ती म्हणाली, “ढोरंच ती. त्यास्नी काय कळतं?” आणि मोठ्याने हसली. मला वाटलं, चला, चूक कबूल तरी केली.

अशी कित्येक वर्षं गेली. मग गेल्या पावसाळ्यानंतर लाईनीनेच हात टेकले. आधी पाणी तांबूस यायला लागलं, मग तांब्याभर पाण्याच्या तळाशी गंजाचे कपचे दिसायला लागले. कार्तिकात धार एवढी बारीक झाली की एक हंडा भरायला लावून मी भाकऱ्या थापून घ्यायचे. मालकांनी एका जागी पाना लावला, तर पाइपाचा तुकडाच हातात आला, जुन्या पत्र्यासारखा कुरकुरीत. लाईन बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते.

लेक किकवीला दिली आहे. हायवेच्या कडेला घर, अंगणात बोअर, गच्चीवर टाकी, कुठलीही तोटी फिरवा, पाणी येतं. जावई मोटारसायकलवर कामाला जातात. माणसं चांगली आहेत, खोटं कशाला बोलू. पण पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलं असतं. सातव्यात आणायची, कारण आठव्यात गरोदर बाईला प्रवास करू देत नाहीत. दिवस भरत होते ऐन चैत्रात. आमच्याकडे चैत्रात पाण्याची काय अवस्था असते, हे विहीणबाईंना पक्कं ठाऊक होतं.

त्या फोनवर अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “विहीणबाई, रागावू नका, पण तुमच्याकडं पान्याचं हाल. बाळंतिणीची आंघूळ, लंगोट, धुणं, शेक. हितं सगळं हाय. राहू द्या की तिला हितंच.”

मी म्हणाले, “बघू.” फोन ठेवला आणि चुलीपाशी जाऊन रडले. त्या चुकीचं काही बोलल्या नव्हत्या, आणि त्याचंच वाईट वाटत होतं. थोड्या वेळाने लेकीचा मेसेज आला, बोलून पाठवलेला. एकदम हळू बोलत होती, कुणी ऐकू नये म्हणून. “आई, मला तिकडंच यायचंय. कायतरी कर.”

कायतरी करायचं म्हणजे लाईन बदलायची, तीसुद्धा तिचा सातवा संपायच्या आत.

वेल्ह्याच्या बाजारात पाइपांचं दुकान आहे. दुकानदाराने काळ्या प्लास्टिक पाइपाची बंडलं, जोड, घराजवळची टाकी, खणायची मजुरी, असं सगळं एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर मांडलं आणि पुठ्ठा आमच्यापुढे सरकवला. मालकांनी तो वाचला आणि माझ्याकडे दिला. एक चांगली दुभती म्हैस यावी एवढा आकडा होता. जेसीबी डोंगरात चढत नाही, त्यामुळे पाइपाची सगळी चारी हाताने खणायची, आणि निम्मा खर्च त्या मजुरीचाच. आमच्या गोठ्यात दुभती म्हैस एकच. ती विकली असती तर बाळंतिणीला दूध कुठून आणणार?

एसटीने परत येताना मी तो पुठ्ठा मांडीवर घेऊन आकडे पुन्हा पुन्हा जुळवत होते. घराची वाट चढताना मालक म्हणाले, “इर्जिक करू.”

इर्जिक म्हणजे काय, हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. मोठं काम असलं की घरोघर जाऊन बोलावणं करायचं. कामाला आलेल्याने मजुरी घ्यायची नाही, आणि बोलावणाऱ्याने पोटभर जेवू घालायचं. उद्या त्याचं काम निघालं की आपण जायचं. भाताच्या कामाला अजून कुठे कुठे होते, पण पाइपासाठी इर्जिक कुणी केलेली मी ऐकली नव्हती. मला लाज वाटत होती. एवढ्या लोकांशी मी भांडले होते, आता कुठल्या तोंडाने त्यांच्या दारात जायचं?

गेले. लेकीसाठी गेले. बोलावताना काम कशाचं आहे ते सांगायचं असतं, म्हणून प्रत्येक दारात सांगितलं की लेक बाळंतपणाला यायची आहे आणि घरात पाणी नाही. सगळ्यांत शेवटी पठारावर चढले. मावशी शेळीच्या करडाला मांडीवर घेऊन बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

“बस तरी,” ती म्हणाली. “कितवा लागलाय पोरीला?”

“सातवा लागेल आता.”

“मंग येळ कुठं हाय? कवा खणायचं ते सांग, आमी समदी येतो.”

मजुरीचा प्रश्न सुटला. पाइपाला घरच्या तांदळाचे पैसे घातले. आता मी प्रत्येक वस्तूवर डोळा ठेवून होते. सामान टेम्पोतून खाली रस्त्यापर्यंत आलं आणि तिथून आम्ही डोक्यावरून वर नेलं. मालक दुसरी खेप आणायला खाली गेले तेव्हा मी पोतं उघडून एकेक वस्तू पुठ्ठ्याशी ताडून पाहिली. त्यात एक तीन तोंडांचा जोड निघाला, ज्याला टी म्हणतात, आणि त्याच्याबरोबर एक चांगला जाडजूड पितळी कॉक. पुठ्ठ्यावर दोन्हीही नव्हते. झऱ्यापासून घरापर्यंत लाईन सरळ येणार होती, मध्ये फाटा नव्हता, मग टी कशाला? मी मनाशी म्हटलं, दुकानदाराने गळ्यात मारलंय. मालकांना काय, कुणीही काहीही गळ्यात मारावं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच वेल्ह्याला गेले आणि दोन्ही वस्तू परत केल्या. दुकानदार म्हणाला, “अहो, तुमच्या मालकांनीच मागून घेतलंय.” मी म्हणाले, “त्यांना विचारून काही होत नाही, पैसे द्या.” पैसे घेतले. त्या पैशांचा बाळंतिणीसाठी खारीक-डिंक आणला आणि घरी येताना एखादी लढाई जिंकल्यासारखी चढण चढले. मालकांना सांगायचं राहून गेलं. खरं तर मुद्दामच सांगितलं नाही. चार लोकांत सांगू, म्हणजे मजा येईल, असं मनात होतं.

इर्जिकीच्या दिवशी उन्हं वर यायच्या आत माणसं हजर होती. कुदळी, टिकाव, फावडी, पहारी. खालच्या आळीतली ज्यांच्याशी माझं बांधावरून वाजलं होतं तीसुद्धा. पठारावरून धनगरांची चारही घरं उतरली होती, मावशी सगळ्यांच्या पुढे. त्यांनी पठाराचाच तुकडा खणायला घेतला. तिथे मुरूम आहे, सगळ्यांत कठीण. मावशी स्वतः पाटीने माती ओढत होती. मी भाकऱ्यांच्या गडबडीतून पाणी द्यायला वर गेले, तर डोणीपाशी त्यांचे लोक चारी सरळ पुढे नेत होते आणि गप्पा मारत होते. जुना पाइप उपसून कडेला टाकलेला होता. डोणीत तळाशी थोडं पाणी होतं, त्यावर जांभळीचा पाला पडलेला.

दुपारपर्यंत चारी खणून झाली. असं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. मटण, भाकरी, इंद्रायणीचा भात, आणि ज्यांना मटण चालत नव्हतं त्यांना आमटी. जेवणं चालू असताना मालक पोतं झटकून काहीतरी शोधत होते.

“काय हुडकताय?” मी विचारलं.

“टी व्हती ह्याच्यात.”

हीच वेळ, असं मला वाटलं. पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं, “ती मी परत केली. कॉकपण. कुठं लागणार होती? दुकानदाराने तुम्हाला बनवलं होतं.”

पंगत हसली. मालकांनी पंगतीकडे पाहिलं, पठारावरची माणसं बसली होती तिकडेही पाहिलं. मग म्हणाले, “बरं.” आणि साधा सरळ जोड उचलून वर गेले.

संध्याकाळी पाणी आलं. टाकीत मनगटाएवढी धार पडायला लागली. मी दोन्ही हात धारेखाली धरून उभी राहिले. काचेसारखं स्वच्छ आणि गार पाणी. मी त्या धारेला नमस्कार केला, मालकांना केला, शेजारी उभ्या असलेल्या ज्या बाईशी माझं वाकडं होतं तिचेही हात धरले. त्या दिवशी मला जो तो आपला वाटत होता. रात्री लेकीला व्हिडिओ कॉल करून नुसती धार दाखवली. ती हसतच राहिली. शेजारून विहीणबाईंनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “मंग आता नाही कसं म्हणायचं?”

तीन-चार दिवसांनी, लेक आणायच्या आदल्या दिवशी, मी लापशी केली आणि डबा घेऊन पठारावर निघाले. मावशीने एवढं काम केलं, तिचं तोंड गोड करावं म्हणून. संध्याकाळची वेळ, जनावरं परतली होती. ती सगळी डोणीभोवती उभी होती. एक गाय डोणीत तोंड घालून कोरडा दगड चाटत होती. तेवढ्यात कपारीच्या बाजूने मावशी आली, डोक्यावर हंडा, काखेत कळशी. दोन्ही डोणीत ओतलं. जनावरांनी ते बघता बघता संपवलं आणि पुन्हा वर पाहिलं. मावशी दम खात दगडावर बसली.

मी डोणीवर पाहिलं, जुन्या सांध्याच्या जागी आता एक थेंबही पडत नव्हता.

“मावशी,” मी म्हणाले, “नवी लाईन गळत नाही.”

“गळंल कशी? नवी हाय.”

“तुम्हाला खणतानाच कळलं होतं?”

“व्हय की.”

“मग बोलला का नाहीत? तुमच्याच हाताने तुमच्या जनावरांचं पाणी तोडलंत?”

ती माझ्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तशी बघायला लागली. “आगं, लेकीचं बाळंतपण हाय म्हनून सांगाया आली व्हतीस न्हवं? बाळंतिणीचं पानी कुणी आडवतं व्हय? ढोरं काय, उद्यापासनं खालच्या ओढ्याला न्हेऊ. पाऊस पडस्तवरच.”

खालचा ओढा म्हणजे सगळा डोंगर उतरून पुन्हा चढायचा. मी डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या शेजारी बसून रडले. ती पाठीवर हात फिरवत राहिली आणि म्हणत राहिली की लापशीला वास लई छान सुटलाय.

घरी आले तर मालक गोठ्यात होते. मी दारातच विचारलं, “ती टी डोणीसाठी होती ना?”

“व्हय.”

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. सासऱ्यांनी लाईन आणली ती धनगरांच्या पठारावरून. त्यांनी जागेचे पैसे मागितले नाहीत, जनावरांपुरतं पाणी मागितलं. तेव्हा तोटी परवडत नव्हती, म्हणून सासऱ्यांनी डोणीवरचा सांधा मुद्दाम सैल ठेवला. पुढे तो गंजाने बुजायला लागला. मालक दिवाळीनंतर पाना घेऊन जायचे ते गळती थांबवायला नव्हे, मोकळी करायला; सुतळी-सफेदा नुसता मला दाखवायला. आणि मी इतकी वर्षं म्हणत होते की ह्यांच्या हाताला गुण नाही.

“मला कधी सांगितलं का नाहीत?”

मालक वैरण टाकत म्हणाले, “सांगितलं असतं तर तू रोज वर जाऊन किती पानी गेलं ते बघितलं असतंस.”

हे ऐकून राग यायला हवा होता. आला नाही, कारण ते शंभर टक्के खरं होतं.

“आणि इर्जिकीच्या दिवशी? तेव्हा तरी बोलायचं.”

“एवढ्या पंगतीत? तुला खाली बघाया लावायचं? बाजाराच्या दिवशी आणणार व्हतो गपचूप.”

माझा नवरा हा असा आहे, हे मला लेक नांदायला गेल्यानंतर कळावं, याचं मला हसूही आलं आणि त्याच्याविषयी इतकं भरून आलं की मी त्याच्या हातातली वैरण घेतली आणि स्वतः म्हशीला टाकली. आमच्यात प्रेम दाखवायची रीत एवढीच.

बाजाराच्या दिवसाची वाट मी पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते लेकीला आणायला किकवीला गेले आणि मी पहिल्या एसटीने वेल्ह्याला. दुकानदाराने मला पाहून तीच टी, तोच कॉक काउंटरवर ठेवला आणि विचारलं, “आता लागली वाटतं?” मी म्हणाले, “तुम्ही जास्त बोलू नका.” त्याने मागितली ती किंमत मी घासाघीस न करता दिली. तो जरा घाबरला असावा, कारण त्याने सफेद्याची एक डबी वर फुकट दिली.

लेक घरी आली, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला पाणी दिलं, आणि आम्ही दोघं करवत घेऊन पठारावर गेलो. नवाकोरा पाइप, ज्याचा मला केवढा अभिमान होता, तो कापताना मीच धरून ठेवला होता. तोंडावर पाण्याचा फवारा आला, सगळं लुगडं भिजलं. मावशी बाजूला उभी राहून हसत होती आणि खालच्या आळीत ते नक्की ऐकू गेलं असणार. टी बसली, कॉक बसला. कॉक उघडण्याचा मान मी तिला दिला.

लेक चैत्रात बाळंत झाली, दवाखान्यात, आणि नातीला घेऊन घरी आली. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी कमी पडलं नाही. टाकी भरायला आधीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. किती, ते मी मोजलेलं नाही.

नातीला न्हाऊ घालायला रोज पठारावरून मावशी उतरायची. तिच्या हातची न्हायलेली पोरं दणकट होतात, असं इकडे सगळेच मानतात. पैसे तिने घेतले नाहीत आणि मी देऊ केले तर माझ्यावरच ओरडली. बारशाच्या दिवशी सकाळीच विहीणबाई आल्या. घरभर पाणी पाहून, दारातली भरलेली टाकी पाहून खूश झाल्या. मालकांना म्हणाल्या, “लाईनीला खर्च लई आला असंल न्हाई?”

मालक म्हणजे चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस. ते म्हणाले, “पाइपाचं काय न्हाई. टी म्हाग पडली.”

विहीणबाईंना काही कळलं नाही. मी मात्र पदर तोंडाला लावून हसले, आणि हसता हसता डोळे पुसायची वेळ आली. न्हाणीत मावशी पाय पसरून बसली होती, पायांवर नात पालथी, तेलाने चकचकीत. तिने आतून आवाज दिला, “आगं, अजून एक तपेलं आण. पानी हाय न्हवं?”

“हाय मावशी,” मी म्हणाले. “वर डोणीत हाय का?”

“काठोकाठ हाय,” ती म्हणाली. “तू आण.”